मापात पाप नको: कोल्हापुरात धावण्याच्या शर्यती भरवणाऱ्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहरात व जिल्ह्यात रस्त्यावरील धावण्याच्या स्पर्धा भरवणाऱ्या सर्व संयोजन समित्या

सन्माननीय संयोजक,
सप्रेम नमस्कार.

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला भूकरमापक असून गेली काही वर्षे आपण भरवत असलेल्या शर्यतींमध्ये नियमाने भाग घेतो. बक्षीस घेणाऱ्यांच्या यादीत माझे नाव कधी नसते आणि यापुढेही असण्याची शक्यता नाही. घोळक्याच्या मागच्या अर्ध्या भागात, आपल्या वयाला शोभेल अशा चालीने धावणाऱ्यांपैकी मी एक. नोकरीचे सारे आयुष्य इतरांच्या जमिनी मोजण्यात गेल्यामुळे अंतर या गोष्टीकडे मी जरा जास्त चिकित्सेने पाहतो, हे मान्य आहे. परंतु या पत्रात जे मांडतो आहे ते केवळ माझ्या सवयीतून आलेले नाही. माझी विनंती एकाच गोष्टीची आहे. आपल्या शर्यतींचे अंतर शास्त्रशुद्ध पद्धतीने मोजले जावे, ते कोणी आणि कसे मोजले हे स्पर्धेपूर्वी जाहीर व्हावे आणि शर्यतीच्या दिवशी मोजलेल्या मार्गावरच स्पर्धकांना धावायला मिळावे.

आरंभीच सांगतो की आपल्या कष्टांची मला जाणीव आहे. पोलिसांची आणि महानगरपालिकेची परवानगी, रुग्णवाहिका, पाण्याची व्यवस्था, प्रायोजकांची मनधरणी, शाळा-महाविद्यालयांतील स्वयंसेवकांना पहाटे गोळा करणे, यांतले काहीच सोपे नाही. तालमींच्या आणि फुटबॉलच्या या गावात सामान्य नोकरदार, गृहिणी, डॉक्टर, शेतकरी यांना छातीवर क्रमांक लावून रस्त्यावर उतरण्याची गोडी आपण लावलीत, हे मोठे काम आहे. टी-शर्ट, पदक आणि शेवटी मिळणारा नाश्ता यांबाबत माझी कसलीच तक्रार नाही, उलट त्यांची बडदास्त दरवर्षी वाढताना दिसते. मात्र ज्या एका गोष्टीचे आश्वासन जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेले असते, त्या अंतराकडे मात्र सर्वांत कमी लक्ष दिले जाते, असे माझे निरीक्षण आहे.

उदाहरण म्हणून, संयोजकांचे नाव न घेता, मी धावलेल्या एका १० किलोमीटरच्या शर्यतीचा अनुभव सांगतो. अंतिम रेषेपलीकडे पोहोचलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनगटावरचे घड्याळ साडेनऊ किलोमीटरच्या आसपास आकडा दाखवत होते. ध्वनिक्षेपकावरून मात्र विक्रमी वेळांची घोषणा होत होती आणि अनेक तरुण मुले आनंदाने एकमेकांना मिठ्या मारत होती. त्यांच्यापैकी एखाद्याची वेळ ३८ मिनिटे लागली असेल, तर त्याचा खरा वेग किलोमीटरला चार मिनिटे होता आणि पूर्ण १० किलोमीटरला त्याला ४० मिनिटे लागली असती. हा मुलगा पुढे पुण्या-मुंबईच्या शर्यतीत ३८ मिनिटांचा हिशोब धरून सुरुवात करणार आणि सातव्या-आठव्या किलोमीटरला त्याचे पाय उचलेनासे होणार, हे ठरलेलेच. तेव्हा तो दोष स्वतःच्या सरावाला देईल, प्रशिक्षकाला देईल, हवामानाला देईल. कोल्हापुरातल्या त्या अर्ध्या किलोमीटरकडे त्याचे लक्षही जाणार नाही.

याबाबत आयोजकांपैकी काहींशी बोललो तेव्हा मिळालेले उत्तर असे होते की, ‘आपण काही ऑलिंपिकला निघालेलो नाही, लोक आरोग्यासाठी आणि आनंदासाठी येतात, चारदोनशे मीटर इकडेतिकडे झाले म्हणून काय बिघडले?’ हे उत्तर चांगल्या मनाने दिलेले होते, तरी ते मला पटत नाही. केवळ आनंदासाठी धावायचे असेल तर रंकाळ्याचा काठ रोज पहाटे सर्वांना मोकळा आहे आणि तिथे नोंदणी शुल्क लागत नाही. शुल्क भरून, क्रमांक घेऊन, वेळ नोंदवून घेण्यासाठी माणूस जेव्हा सुरुवातीच्या रेषेवर उभा राहतो, तेव्हा तो अंतर आणि वेळ या दोन आकड्यांसाठी उभा असतो. त्यांपैकी वेळ मोजायला आपण हजारो रुपये खर्चून इलेक्ट्रॉनिक चिप आणि चटया आणता, सेकंदाच्या अंशापर्यंत निकाल लावता, आणि तो ज्या अंतराने भागायचा ते अंतर मात्र मोटारसायकलच्या मीटरवर घेतलेले असते. आपल्या भागातील ऊस उत्पादकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. दर कितीही चांगला जाहीर झाला तरी वजनकाट्यावर विश्वास नसेल तर त्या दराला काय किंमत असते, हे त्याला पक्के ठाऊक आहे आणि काटामारीच्या संशयावरून याच जिल्ह्यात किती आंदोलने झाली हे आपणही पाहिले आहे.

शिवाय आपल्या शर्यतीत सगळेच हौशी नसतात. पन्हाळा, राधानगरी, कागल, भुदरगडच्या गावांतून एसटीने किंवा मित्राच्या दुचाकीवर येणारी मुले बहुधा पोलीस किंवा लष्कर भरतीची तयारी करणारी असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि तिथे गुण काही सेकंदांच्या फरकाने कमी-जास्त होतात. गावात त्यांना मोजलेला मार्ग मिळत नाही. अमक्या फाट्यापासून तमक्या विहिरीपर्यंत एक किलोमीटर, असे मानून त्यांचा सराव चालतो. स्वतःचा खरा वेग कळण्याची त्यांची एकमेव संधी म्हणजे आपली शर्यत, आणि तिथेही अंतर अंदाजाचेच निघाले तर त्यांनी कोणाकडे पाहावे? दुसऱ्या टोकाला दक्षिण आफ्रिकेत दरबान आणि पीटरमॅरित्झबर्ग या शहरांदरम्यान होणाऱ्या कॉम्रेड्ससारख्या दीर्घ शर्यतीला जाणारे धावपटू आपल्या भागात आहेत. अशा स्पर्धा आधीच्या मॅरेथॉनमधील वेळेचा पुरावा मागतात, आणि मार्ग प्रमाणित नसेल तर त्या पुराव्याला अर्थ उरत नाही. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे ब्राँझपदक जिंकले तेव्हा त्यांची अंतिम फेरीतील गुणसंख्या ४५१.४ होती. दशांश चिन्हापुढच्या त्या आकड्यासह ती आपण सगळ्यांनी अभिमानाने उच्चारली. मग आपल्याच शहरातल्या शर्यतीत दशांश चिन्हापुढचे आकडे सोडून देण्याची मुभा कशी घेता येईल?

आणि ते खरोखरच सोडून दिले जातात. अर्धमॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर आहे. आपल्या फलकांवर ते ‘२१ किमी’ असे छापलेले असते, आणि छपाईच्या सोयीसाठी तसे करण्यास हरकत नाही. पण कित्येकदा मार्गही २१ किलोमीटरचाच आखला जातो. वगळलेले साडेसत्त्याण्णव मीटर किलोमीटरला सहा मिनिटांच्या चालीने धावणाऱ्या माणसाचे ३५ सेकंद असतात. पूर्ण मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे विचित्र दिसणारे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसर किल्ल्यापासून स्टेडियममधील राजघराण्याच्या बैठकीपर्यंतच्या मार्गाने ठरले आणि १९२१ साली ते जागतिक प्रमाण म्हणून स्वीकारले गेले. राजाच्या सोयीने आलेला आकडा असला तरी एकदा प्रमाण ठरल्यावर तो पाळायचा असतो. आमच्या खात्यात ३३ फुटांच्या साखळीचे सोळा आणे, म्हणजे सोळा भाग, आणि ३३ फूट गुणिले ३३ फुटांचा गुंठा यांचेही तसेच होते. ते सोयीचे आहेत का, असे कोणी विचारत नसे.

मोजण्यासाठी सध्या वापरली जाणारी साधने अपुरी का आहेत, हे थोडे सविस्तर लिहितो. मोटारीचा किंवा दुचाकीचा मीटर टायरच्या झिजेप्रमाणे आणि हवेच्या दाबाप्रमाणे बदलतो, बहुतेक वेळा शंभर मीटरच्या टप्प्याने आकडा दाखवतो आणि वाहन रस्त्याच्या मधल्या भागातून जाते. मोबाईलमधील नकाशावर रेघ ओढली तर तीही रस्त्याच्या मध्यातून, आणि वळणांवर तुकड्या-तुकड्यांनी जाते. मनगटी घड्याळातील जीपीएस यंत्रणा मोकळ्या आभाळाखालीसुद्धा काही मीटरनी चुकते. महाद्वार रोड किंवा लक्ष्मीपुरीसारख्या दाटीच्या भागात आणि ताराबाई पार्कातल्या मोठ्या झाडांखाली ती चूक आणखी वाढते. त्यामुळे घड्याळ हा संशयाला पुरेसा आधार आहे, पण मोजणीचे साधन म्हणून तो चालणार नाही. वर मी ज्या शर्यतीचा उल्लेख केला तिथेही एकट्या माझ्या घड्याळावरून मी बोलत नाही. शेकडो घड्याळे एकाच बाजूला तेवढाच आकडा चुकतात, तेव्हा चूक बहुधा रस्त्याची असते.

रस्त्याच्या कोणत्या रेषेवरून मोजायचे हा प्रश्न तर बहुतेकांच्या मनातही येत नाही. रंकाळ्याचेच उदाहरण घ्या. तलावाभोवती एक पूर्ण फेरी घेणारे दोन धावपटू आहेत, आणि एक जण पाण्याकडच्या कडेने व दुसरा त्याच्यापासून सतत सात मीटर बाहेरून धावतो आहे, असे समजा. तलावाचा आकार कसाही असला तरी एका पूर्ण फेरीत बाहेरच्या धावपटूला सुमारे ४४ मीटर जास्त धावावे लागते. कारण हा फरक दोघांमधील अंतराला ६.२८ ने गुणून येतो, तलाव लहान की मोठा याचा त्याच्याशी संबंध नसतो. दोन फेऱ्यांची शर्यत असेल तर ८८ मीटर झाले. मोजणाऱ्याने रस्त्याच्या मध्यातून किंवा बाहेरून मोजले आणि धावणाऱ्याने आतली कड धरली, तर मार्ग आपोआप आखूड होतो, आणि यात कोणाची लबाडी नसते. म्हणूनच जगभर मान्य असलेला नियम असा आहे की, धावपटूला नियमांत राहून जी सर्वांत जवळची वाट घेता येईल तीच मोजायची, आणि वळणांवर आतल्या कठड्यापासून ३० सेंटिमीटरवरून मोजायची. रस्ता पूर्ण बंद असेल तर एका वळणाच्या आतल्या कडेपासून पुढच्या उलट्या वळणाच्या आतल्या कडेपर्यंत तिरकी सरळ रेषा धरायची; अर्धाच रस्ता मिळणार असेल तर त्या अर्ध्याच्या हद्दीत राहून.

आता प्रत्यक्ष मोजणीबद्दल, जिची पद्धत आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. खाशाबा जाधव हे राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांनी ज्या १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे ब्राँझपदक मिळवले, त्याच ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून टेड कॉर्बिट नावाचा धावपटू मॅरेथॉन धावला होता. पुढे १९६४ साली त्यानेच रस्त्यावरील शर्यतींच्या मोजणीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला, आणि ब्रिटनमधल्या अनुभवावरून त्याने पुरस्कारलेली सायकलची पद्धत आजही जागतिक ॲथलेटिक्स संघटनेची मान्य पद्धत आहे. उपग्रह आले, लेसर आले, तरी शर्यतीचा मार्ग सायकलनेच मोजतात. याचे कारण आमच्यासारख्या मोजणीदारांना लगेच पटते: फीत किंवा यंत्र घेऊन २१ किलोमीटरचे वाहते रस्ते, तेही धावपटूच्या वाटेने, एका सकाळी मोजणे शक्य नसते, सायकलला ते जमते.

साध्या सायकलच्या पुढच्या चाकाच्या आसाला जोन्स काउंटर नावाचे एक छोटे यंत्र बसवतात. चाकाचा एक फेरा झाला की त्यावर वीसहून अधिक आकडे पुढे सरकतात, म्हणजे एक आकडा साधारण दहा सेंटिमीटरचा होतो. पण या आकड्यांचे मीटर किती, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी निदान ३०० मीटरचा सरळ, सपाट, कमी रहदारीचा रस्त्याचा तुकडा पोलादी फितीने मोजून दोन्ही टोकांना खिळे ठोकतात. फितीवरची खूण २० अंश सेल्सिअस तापमानाला बरोबर असते. आपल्याकडे ३० अंशांत मोजले तर पोलाद प्रसरण पावल्याने ३०० मीटरमागे सुमारे साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो आणि तो हिशोबात धरावा लागतो. मग सायकलस्वार या तुकड्यावरून चार वेळा जातो आणि एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढतो. त्यानंतर मार्ग मोजतो आणि लगेच परत येऊन त्याच तुकड्यावर पुन्हा चार वेळा सायकल चालवतो. असे दोनदा करण्याचे कारण म्हणजे ऊन चढले की टायरमधील हवा तापते, चाकाचा घेर किंचित वाढतो आणि तेवढ्याच अंतराला आकडे कमी पडतात. मार्चमधल्या कोल्हापूरच्या पहाटेत आणि सकाळी दहाच्या उन्हात किती तफावत असते हे आपण जाणताच. आमच्या शंकू-साखळीच्या काळातही साखळी वापरून वापरून, कड्या झिजून लांबत असे आणि तिची पडताळणी केल्याशिवाय शेतात पाऊल टाकायचे नाही, अशी शिस्त होती. इथेही तोच विचार आहे.

एवढ्यावरही थांबत नाहीत. माणसाच्या हातून होणाऱ्या बारीकसारीक चुकांमुळे मार्ग आखूड भरू नये म्हणून प्रत्येक किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. म्हणजे १० किलोमीटरच्या मार्गात १० मीटर आणि अर्धमॅरेथॉनमध्ये सुमारे २१ मीटर मुद्दाम वाढवलेले असतात. मार्ग थोडा लांब चालेल, आखूड मात्र अजिबात चालणार नाही, हे या खेळाचे तत्त्व आहे, कारण आखूड मार्गावरील प्रत्येक वेळ रद्द ठरते. १९८१ च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये अल्बर्टो सालाझार यांनी नोंदवलेला २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांचा विश्वविक्रम पुढे मार्ग सुमारे १५० मीटर आखूड निघाल्यामुळे मान्य झाला नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर मॅरेथॉनचा मार्ग २०१३ ते २०१५ या तीन वर्षांत ३८० मीटर कमी असल्याचे २०१६ साली उघड झाले आणि सुमारे २४,००० धावपटूंच्या वेळा बाद झाल्या. जिथे पैसा, अनुभव आणि तज्ज्ञ यांची वाण नाही तिथेही हे घडते, म्हणून आपल्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही; पण तिथे चूक उघड झाल्यावर ती जाहीर झाली, हे मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे निकालाच्या पत्रकाखाली ‘अंतर अंदाजे’ असे दोन शब्द छापण्याचे धैर्यही मी अजून पाहिलेले नाही.

मोजलेला मार्ग शर्यतीच्या दिवशी टिकवणे हा या कामाचा दुसरा आणि माझ्या मते अधिक अवघड भाग आहे. प्रायोजकाची कमान ठरलेल्या जागी बसत नाही म्हणून सुरुवातीची रेषा तीस-चाळीस मीटर पुढे सरकते. पाहुण्यांच्या व्यासपीठासमोर समाप्ती व्हावी म्हणून अंतिम रेषा अलीकडे येते. ज्या चौकातून वळायचे तिथे त्या सकाळी भाजीची गाडी उभी असते, म्हणून स्वयंसेवक सेफ्टी कोन उचलून दहा पावले अलीकडे ठेवतो, आणि परत फिरण्याच्या जागी दहा पावले म्हणजे जाता-येता वीस पावले होतात, याचा त्या बिचाऱ्याला अंदाज नसतो. सर्वांत पुढे जाणारी पायलट मोटारसायकल चुकली तर तिच्यामागून सगळा घोळका चुकतो. २०१५ साली बँकॉकच्या अर्धमॅरेथॉनमध्ये वळणाची जागा चुकल्याने धावपटूंना सुमारे सहा किलोमीटर जादा धावावे लागले होते आणि त्याची चर्चा जगभर झाली. आपल्याकडे तसे झाले तर निदान सोबतीला तांबडा-पांढरा मिळेल, एवढेच काय ते समाधान.

मागून येणाऱ्यांचे तर आणखी वेगळे आहे. पहिले शंभर जण येऊन गेले की बॅरिकेड उचलायला सुरुवात होते, वळणावरचा मुलगा नाश्त्याला निघून जातो, वाहतूक सोडली जाते. मग अडीच तासांनी येणारी एखादी ताई दुचाकींतून वाट काढत, कधी दुभाजकाच्या या बाजूने तर कधी त्या बाजूने, जमेल तशी पुढे सरकते आणि तिने कापलेले अंतर मोजलेल्या अंतराशी जुळत नाही. तिला मिळणारे पदक तेच असते. शुल्कही तिने तेवढेच भरलेले असते. शर्यतीची मुदत तीन तासांची जाहीर केली असेल तर मार्गही तीन तास जसाच्या तसा राहिला पाहिजे. तेवढा वेळ पोलीस बंदोबस्त मिळणार नसेल तर मुदत आधीच कमी सांगावी. त्यात कसलाही कमीपणा नाही.

याला जोडून किलोमीटरच्या फलकांबद्दल. ‘४ किमी’, ‘५ किमी’ असे फलक बहुधा जिथे विजेचा खांब सोयीचा असेल तिथे बांधले जातात. चौथा आणि पाचवा फलक यांच्यात ८५० मीटर आणि पाचवा व सहावा यांच्यात ११५० मीटर अंतर असेल, तर आपला वेग वाढला म्हणून खूश झालेला धावपटू पुढच्याच किलोमीटरला हवालदिल होतो. चुकीचा फलक लावण्यापेक्षा फलक न लावलेला पुष्कळ बरा. सायकलने मार्ग मोजताना प्रत्येक किलोमीटरची जागा आपोआप मिळते, तिच्यासाठी वेगळा खर्च नाही.

खर्चाचा प्रश्न आपण विचाराल, आणि तो रास्तच आहे. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेचे मान्यताप्राप्त मोजणीदार भारतात आहेत. त्यांच्यापैकी कोणाला बोलावून मार्ग प्रमाणित करून घेतला आणि त्यात बदल केला नाही, तर ते प्रमाणपत्र पाच वर्षे चालते. एका समितीला हा खर्च जड वाटेल, पण शहरात शर्यती भरवणाऱ्या अनेक समित्या आहेत. आपण सर्वांनी मिळून कोल्हापूरचा एक १० किलोमीटरचा आणि एक अर्धमॅरेथॉनचा मार्ग कायमचा ठरवावा, एकदाच मोजून घ्यावा आणि ज्याने त्याने आपापल्या तारखेला तोच वापरावा, असे मला सुचवायचे आहे. आज प्रत्येक समिती नवा मार्ग शोधते, कारण प्रायोजकाच्या दुकानापुढून शर्यत जावी अशी इच्छा असते. एकच मार्ग झाला तर मागच्या वर्षीची आपली वेळ यंदा सुधारली की नाही हे धावपटूला खरेपणाने कळेल, वाहतूक शाखेलाही दरवेळी नवा बंदोबस्त आखावा लागणार नाही आणि त्या मार्गावर राहणाऱ्या नागरिकांनाही सवय होईल. सुरुवात आणि शेवट शक्यतो एकाच ठिकाणी असावेत. विद्यापीठाच्या माळावरून सुरू करून पंचगंगेकाठी संपवण्याचा मोह होईल, कारण उतारामुळे वेळा छान येतात. परंतु विक्रम मान्य होण्यासाठी मार्गाचा एकूण उतार किलोमीटरला एक मीटरहून अधिक नसावा आणि सुरुवात व शेवट यांच्यातील सरळ अंतर शर्यतीच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त नसावे, असे नियम आहेत. कोल्हापुरात एखाद्या मुलीने खरोखरच विक्रमी वेळ दिली तर ती उतारामुळे वाया जाऊ नये.

अधिकृत मोजणीदार लगेच मिळाला नाही तरी अंदाजावर विसंबण्याचे कारण नाही. इथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, त्यांच्या स्थापत्य विभागांत सर्वेक्षण शिकवले जाते, टोटल स्टेशनसारखी अंतर व कोन मोजणारी यंत्रे आहेत आणि अभ्यासासाठी खऱ्या कामाच्या शोधात असलेले विद्यार्थी आहेत. कॅलिब्रेशनचा, म्हणजे सायकलवरचे आकडे पडताळण्याचा, ३०० मीटरचा तुकडा त्यांच्याकडून अचूक मोजून घेता येईल. रोज पहाटे पन्हाळा-जोतिबाचे चढ चढणारे सायकलस्वार या शहरात कितीतरी आहेत. त्यांच्यापैकी दोघांनी वेगवेगळी मोजणी करावी आणि दोन्हींचे आकडे ताडून पाहावेत.

मोजणी झाल्यावर खुणा कशा जपायच्या, हे मात्र माझ्या खात्याकडून शिकावे, असे थोड्या अभिमानाने म्हणतो. आपल्या रस्त्यांवर पावसाळ्यापूर्वी खोदाई होते, पावसाळ्यात खड्डे पडतात आणि त्यानंतर डांबराचा नवा थर चढतो. नुसता खिळा किंवा रंगाचा पट्टा वर्षभरही टिकणार नाही. म्हणून प्रत्येक खूण जवळच्या किमान दोन कायम वस्तूंपासून मोजून कागदावर नोंदवावी. पुलाच्या कठड्याचे टोक, पुतळ्याच्या चौथऱ्याचा कोपरा, जुन्या दगडी इमारतीची कड अशा वस्तू त्यासाठी योग्य. पानटपरी आणि जाहिरातीचा फलक यांच्यावर भरवसा ठेवू नये. बांध सरकला, दगड हलवला तरी टिपणावरून हद्द पुन्हा कायम करता येते, तशीच शर्यतीची रेषाही पुन्हा काढता आली पाहिजे. हे टिपण आणि मार्गाचा नकाशा नोंदणी सुरू होण्यापूर्वी सर्वांसाठी खुला ठेवावा; मोजणी कोणी केली, कोणत्या तारखेला, कोणत्या पद्धतीने, हेही त्यावर लिहावे. शर्यतीच्या आदल्या रात्री, कमान उभारणाऱ्या मांडववाल्यांच्या हाती नव्हे, तर टिपण हाती असलेल्या एका जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीखाली रेषा आखल्या जाव्यात, आणि त्या हलवण्याचा अधिकार त्या व्यक्तीशिवाय कोणालाही, प्रमुख पाहुण्यांनाही, नसावा. काही कारणाने शर्यत कमी किंवा जास्त अंतराची झालीच तर निकालासोबत तसे स्पष्ट छापावे. त्याने धावपटू नाराज होतील, पण पुढच्या वर्षी परत येतील.

माझ्याकडे सेवेतल्या सवयीने जपून ठेवलेली चांगली पोलादी फीत आहे, सायकल आहे आणि निवृत्तीमुळे वेळही आहे. आपल्यापैकी एका समितीने जरी पुढाकार घेतला तरी कॅलिब्रेशनचा तुकडा मोजण्यापासून टिपण लिहिण्यापर्यंतच्या कामात मी कोणतेही मानधन न घेता सहभागी होईन. त्यासाठी दिवाळीनंतरचा एखादा रविवार निवडावा, वाहतूक शाखेकडून एक कर्मचारी आणि एक गाडी मागून घ्यावी आणि काम उजाडताच सुरू करावे. सातनंतर दसरा चौकातून रस्त्याच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून सायकल चालवणे मला या वयात जमणार नाही.

आपला स्नेहाकांक्षी,
एक निवृत्त भूकरमापक आणि आपल्या शर्यतींतील नियमित स्पर्धक,
कोल्हापूर